दोन महायुद्धांमधील इटलीची आधुनिक वास्तुकला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या वास्तुकलेला नेमके काय म्हणतात आणि तिचा काळ कोणता?

पहिले महायुद्ध संपल्यापासून 1940 मध्ये इटली दुसऱ्या महायुद्धात उतरेपर्यंत त्या देशात बांधकामाचे अनेक प्रवाह शेजारी शेजारी वाहत होते. त्यांपैकी ज्या प्रवाहाने सलोह काँक्रीटची चौकट, सपाट गच्ची, मोठ्या काचा आणि अलंकाराविना उभी राहणारी भिंत यांचा आग्रह धरला, त्याला इटालियन भाषेत 'रात्सिओनालिझ्मो' म्हणतात. मराठीत त्याला बुद्धिनिष्ठ वास्तुकला म्हणता येईल. इमारतीचे रूप तिच्या उपयोगातून आणि तिच्या रचनेतून तर्काने निघावे, ही त्यामागची भूमिका होती. मात्र त्या काळातील प्रत्येक नवी इमारत या प्रवाहातील नव्हती, आणि यातील गोंधळातूनच पुढचे बरेचसे प्रश्न निर्माण होतात.

या चळवळीची मुळे कोठे सापडतात?

एका ठिकाणी सापडत नाहीत, आणि परस्परांशी पटणार नाहीत अशा ठिकाणी सापडतात.

पहिले मूळ फ्यूचरिस्टांचे, म्हणजे यंत्र आणि वेग यांचा गौरव करणाऱ्या व परंपरा झुगारणाऱ्या इटालियन कलावंतांचे. कोमो शहरात 1888 मध्ये जन्मलेल्या आंतोनियो सांतेलिया याने 1914 मध्ये 'नवे शहर' या नावाने काही रेखाचित्रे प्रदर्शित केली. त्यांत बाहेरून चढणारे उद्वाहक, एकावर एक रचलेले रस्ते, पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकत जाणाऱ्या उंच इमारती आणि विजेची निर्मितीकेंद्रे होती. सांतेलिया 1916 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, युद्धात मारला गेला आणि त्याने कागदावर रेखाटलेले शहर कागदावरच राहिले. तरीही पुढच्या पिढीला यंत्रयुगाचे चित्र मिळाले ते त्याच्याकडून.

दुसरे मूळ तुरिनच्या कारखान्यात आहे. जाकोमो मात्ते-त्रुक्को या अभियंत्याच्या आराखड्यानुसार 1916 मध्ये फियाट कंपनीच्या लिंगोत्तो कारखान्याचे काम सुरू झाले आणि 1923 मध्ये तो कार्यान्वित झाला. पाच मजली काँक्रीटच्या या इमारतीत कच्चा माल तळमजल्यावर येई, मोटार जुळत जुळत एकेक मजला वर चढे आणि शेवटी गच्चीवरील धावपट्टीवर तिची चाचणी होई. कामाचा क्रम हाच इमारतीचा आकार ठरवतो, हे तत्त्व कोणी सिद्धांत म्हणून मांडण्याआधी येथे बांधून झाले होते.

तिसरे मूळ दिसायला आधुनिक नाही, पण ते वगळले तर इटलीचे वेगळेपण कळत नाही. मिलानमध्ये जोव्हान्नी मुत्सिओ आणि त्याचे सहकारी 'नोव्हेचेंतो' या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांनी कमानी, कोनाडे, त्रिकोणी शिरोभाग असे प्राचीन घटक घेतले आणि ते सुटे करून, सपाट करून, अनपेक्षित जागी मांडले. मुत्सिओच्या अशाच एका निवासी इमारतीला लोकांनी 'का' ब्रुत्ता' म्हणजे 'कुरूप घर' असे नाव दिले आणि ते आजतागायत टिकले आहे. बुद्धिनिष्ठ तरुणांनी या मंडळींवर टीका केली, परंतु प्रमाणबद्धतेचे आणि भिंतीच्या घनतेचे भान त्यांनी यांच्याकडूनच उचलले, असे माझे मत आहे.

'ग्रुप्पो सेत्ते' म्हणजे कोण?

'सातांचा गट'. मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकलेल्या सात तरुणांनी 1926 मध्ये तो स्थापन केला. लुइजी फिजिनी, जिनो पोल्लिनी, ग्विदो फ्रेत्ते, सेबास्तियानो लार्को, कार्लो एन्रिको रावा, ज्युसेप्पे तेर्रान्यी आणि उबाल्दो कास्तान्योली हे ते सात जण होत. कास्तान्योली लवकरच बाहेर पडला आणि त्याच्या जागी आदालबेर्तो लिबेरा आला. डिसेंबर 1926 पासून त्यांनी एका नियतकालिकात लेखमाला लिहून आपली भूमिका जाहीर केली.

त्या लेखांचा सूर फ्यूचरिस्टांच्या सुरापेक्षा फार वेगळा आहे. परंपरा जाळून टाका असे हे तरुण म्हणत नाहीत. परंपरा स्वतःच रूप बदलत असते, आपण तिच्याशी नाते तोडत नाही, असे ते सांगतात. जर्मनीतील बाउहाउस ही कलाशाळा आणि फ्रान्समधील आधुनिक रचनाकार ल कॉर्ब्युझिए यांचे ऋण त्यांनी मान्य केले, मात्र रोमन आणि भूमध्यसागरी वारशावरचा आपला हक्क सोडला नाही. एखादा नवा आकार निर्दोष होईपर्यंत पुन्हा पुन्हा वापरावा, प्रत्येक वेळी नवे काही शोधण्याचा हव्यास नको, हा त्यांचा विचार मला विशेष मोलाचा वाटतो, कारण ग्रीक आणि रोमन देवळे घडली ती याच पद्धतीने.

नोवोकोमुमची हकिगत खरी आहे का?

खरी आहे. तेर्रान्यीने कोमो शहरात सरोवराकाठी 1927 ते 1929 या काळात 'नोवोकोमुम' ही निवासी इमारत बांधली. नगरपालिकेला सादर केलेल्या नकाशांत दर्शनी भाग जुन्या अभिजात पद्धतीचा दाखवला होता. परांच्या उतरवल्या तेव्हा लोकांसमोर उभी राहिली ती गुळगुळीत भिंतींची, कोपऱ्यांत काचेचे दंडगोल बसवलेली आणि वरच्या मजल्याचा कोपरा त्या दंडगोलांवर तोलून धरणारी एक अनोळखी वास्तू. गावात गदारोळ झाला, शहराचे रूप बिघडते काय हे ठरवायला समिती नेमली गेली आणि अखेर इमारत जशीच्या तशी राहिली. लोक तिला 'सागरपार जाणारे जहाज' म्हणू लागले.

कोमोच्या 'कासा देल फाशो'ला एवढे महत्त्व का दिले जाते?

'कासा देल फाशो' म्हणजे फॅसिस्ट पक्षाचे स्थानिक कार्यालय. अशी कार्यालये देशभर शेकड्यांनी उभारली गेली. तेर्रान्यीने कोमोच्या कॅथीड्रलच्या मागील बाजूस 1932 ते 1936 दरम्यान जे रचले आणि बांधून पूर्ण केले, ते त्या सर्वांपेक्षा निराळे आहे.

तिचा तळाचा आराखडा बरोबर चौरस असून बाजू 33.20 मीटर आहे, तर उंची 16.60 मीटर, म्हणजे बाजूच्या नेमकी निम्मी. हे साधे गणित पक्के ठरवून घेतल्यावर तेर्रान्यीने चारही दर्शनी भाग वेगवेगळे केले. चौकाकडील मुख्य बाजूला खांब आणि तुळया यांची जाळी उघडी ठेवली आहे, तिच्यातून मागची सावली दिसते. परंतु उजवीकडचा एक उभा पट्टा पूर्ण बंद भिंतीचा आहे. डोळा उघड्या जाळीकडून बंद भिंतीकडे आणि पुन्हा जाळीकडे जात राहतो, आणि कडक सममितीची अपेक्षा धरून आलेल्या माणसाला ती सापडत नाही, तरी तोल ढळल्यासारखेही वाटत नाही. आत मधोमध दोन मजले उंचीचा झाकलेला चौक आहे आणि त्यावरच्या छतातील काचेच्या ठोकळ्यांतून उजेड खाली उतरतो. भोवतीची कार्यालये या चौकाकडे तोंड करून आहेत. सर्वत्र फिकट संगमरवर लावलेला असल्यामुळे काँक्रीटची चौकट असूनही इमारत जुन्या इटालियन राजवाड्यांच्या कुळातली वाटते.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. फॅसिझम हे काचेचे घर आहे, त्यात कोणालाही डोकावता येते, असे मुसोलिनीने म्हटले होते, आणि तेर्रान्यीने ते वाक्य शब्दशः बांधून दाखवायचे ठरवले. प्रवेशाची काचेची दारे विजेच्या यंत्रणेने एकाच वेळी उघडत, म्हणजे आतले कार्यकर्ते थेट बाहेरच्या सभेत मिसळू शकत. ज्या राजवटीने वृत्तपत्रांची मुस्कटदाबी केली आणि विरोधकांना तुरुंगात व दूरच्या बेटांवर धाडले, तिच्या कार्यालयाला पारदर्शकतेचे रूप देण्यात आले. तेर्रान्यीची श्रद्धा प्रामाणिक होती, यात मला शंका वाटत नाही. पण ज्याचे समर्थन करण्यासाठी ही काच बसवली, ते खोटे होते. इमारतीचे सौंदर्य आणि हे खोटेपण यांतले एक मान्य करून दुसरे नजरेआड करणारे लेखन मला अपुरे वाटते.

मुसोलिनीच्या राजवटीने या वास्तुकलेला अधिकृत शैली मानले होते का?

नाही, आणि जर्मनीशी तुलना केली तर हा फरक ठळकपणे दिसतो. हिटलर सत्तेवर येताच 1933 मध्ये बाउहाउस बंद पडले. इटलीत मात्र आधुनिक आणि पारंपरिक असे दोन्ही पक्ष राजवटीच्या कृपेसाठी झगडत राहिले आणि मुसोलिनीने दोघांनाही झुलवत ठेवले.

या चळवळीने 1928 मध्ये रोममध्ये पहिले प्रदर्शन भरवले आणि लवकरच 'मिआर' या नावाने देशव्यापी संघटना उभी केली. 1931 मधील दुसरे प्रदर्शन पिएत्रो मारिया बार्दी याच्या रोममधील कलादालनात भरले. तेथे बार्दीने 'भीषणांचे मेज' या नावाचे एक चिकटचित्र मांडले होते. प्रतिष्ठित ज्येष्ठांच्या जुन्या वळणाच्या इमारतींची छायाचित्रे त्यात एकत्र करून त्यांची खिल्ली उडवली होती, आणि त्या ज्येष्ठांत राजवटीच्या मर्जीतला रचनाकार मार्चेल्लो प्याचेंतिनी याचाही समावेश होता. स्वतः मुसोलिनी प्रदर्शन पाहायला आला. पण वास्तुरचनाकारांच्या अधिकृत संघाने आपला पाठिंबा काढून घेतला आणि त्याच वर्षी 'मिआर' विसर्जित झाली.

तरीही कामे मिळत राहिली. फ्लॉरेन्सचे सांता मारिया नोव्हेल्ला रेल्वे स्थानक जोव्हान्नी मिकेलुच्ची याच्या नेतृत्वाखालील तोस्काना गटाने स्पर्धा जिंकून बांधले आणि ते 1935 मध्ये सुरू झाले. समोरच्या मध्ययुगीन चर्चला झाकोळून टाकू नये म्हणून ते मुद्दाम बुटके, आडवे आणि त्याच रंगाच्या दगडाचे केले आहे. जुन्या शहरात नवी इमारत कशी बसवावी, याचा इतका समजूतदार नमुना त्या काळात क्वचितच सापडतो. या स्थानकावर आणि साबाउदिया नगरावर 1934 मध्ये टीकेचे मोहोळ उठले तेव्हा मुसोलिनीने दोन्ही ठिकाणच्या रचनाकारांना बोलावून उघड पाठिंबा दिला.

दरम्यान प्याचेंतिनीने मधली वाट काढली होती. रोमच्या विद्यापीठनगरीचा 1932 ते 1935 मधील एकूण आराखडा त्याचा होता. पण त्यातल्या वेगवेगळ्या इमारती त्याने ज्युसेप्पे पागानो, जिओ पोंती, मिकेलुच्ची अशा रचनाकारांकडे सोपवल्या. तरुणांना यात संधी मिळाली आणि त्यांची धारही बोथट झाली.

साबाउदियाचे वैशिष्ट्य काय?

रोमच्या दक्षिणेकडील पोंतिनो दलदल हिवतापासाठी शतकानुशतके कुप्रसिद्ध होती. राजवटीने ती कोरडी करून तेथे उत्तर इटलीतील शेतकरी कुटुंबे आणून वसवली आणि त्यांच्यासाठी नवी नगरे बांधली. साबाउदियाची पायाभरणी 5 ऑगस्ट 1933 रोजी झाली आणि उद्घाटन 15 एप्रिल 1934 रोजी, म्हणजे केवळ 253 दिवसांत. लुइजी पिच्चिनातो आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी रचलेल्या या नगरात चौक, मनोरा आणि त्यांना जोडणारे रस्ते हे जुन्या इटालियन गावाचे घटक नव्या, निरलंकृत भाषेत मांडलेले आहेत. आंजोलो मात्सोनीने बांधलेले निळ्या तुकड्यांनी मढवलेले टपाल कार्यालय आजही डोळ्यांत भरते.

रोममधील कमानींची चौकोनी इमारत याच शैलीची आहे का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे सरळ उत्तर 'नाही' असे आहे. 'पालात्सो देल्ला चिव्हिल्ता इतालियाना' ही इमारत ग्वेर्रिनी, ला पादुला आणि रोमानो यांनी रचली. फॅसिस्टांच्या रोमवरील मोर्चाला 1942 मध्ये वीस वर्षे पूर्ण होत होती आणि त्या वर्षी रोममध्ये जागतिक प्रदर्शन भरवण्याचा बेत होता. त्यासाठी वसवायच्या 'एउर' या भागातील ही प्रमुख वास्तू होय. सहा ओळींत प्रत्येकी नऊ अशा एका बाजूला 54, चारही बाजूंना मिळून 216 कमानी तिला आहेत. सांगाडा काँक्रीटचा आहे, वरून दगड लावला आहे आणि कमानींवर कोणताही भार नाही. आतली रचना आणि बाहेरचे रूप यांचे नाते येथे तुटलेले आहे, आणि बुद्धिनिष्ठ भूमिकेच्या अगदी मुळावर घाव बसतो तो इथे.

माथ्यावर कवी, कलावंत, वीर, संत, विचारवंत, शास्त्रज्ञ, दर्यावर्दी आणि देशांतर करणारे यांचा हा समाज आहे, असे कोरले आहे. 2 ऑक्टोबर 1935 रोजी इथिओपियावरील आक्रमण जाहीर करताना मुसोलिनीने केलेल्या भाषणातले हे शब्द आहेत. युद्धामुळे प्रदर्शन झालेच नाही. 2015 पासून ही इमारत एका फॅशन कंपनीचे मुख्यालय आहे आणि छायाचित्रे काढायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्या अक्षरांचा उगम ठाऊक असतो.

1936 नंतर दगड आणि संगमरवर यांचा वापर एवढा का वाढला?

यामागे आवडीनिवडीइतकेच अर्थकारण होते. इथिओपियावरील हल्ल्यानंतर नोव्हेंबर 1935 मध्ये राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध लादले. राजवटीने स्वावलंबनाचा नारा दिला. लोखंड शस्त्रांसाठी राखले जाऊ लागले, आणि देशात विपुल असलेला दगड, वीट व संगमरवर यांना राष्ट्रीय सामग्रीचा मान मिळाला. पोलाद वाचवण्याच्या याच निकडीतून पिएर लुइजी नेर्वी या अभियंत्याने विमाने ठेवण्याच्या हँगरांसाठी जी काँक्रीटची जाळीदार छपरे रचली, ती मात्र त्या दशकातील अस्सल शोधांपैकी आहेत.

या रचनाकारांचे पुढे काय झाले?

येथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण इमारतींची छायाचित्रे पाहताना ही माणसे विसरली जातात.

ज्युसेप्पे पागानो 1896 मध्ये पारेंत्सो येथे जन्मला. 1920 पासूनच तो फॅसिस्ट होता आणि ही क्रांती आहे, नव्या वास्तुकलेला तिच्यातच घर मिळेल, असे त्याला मनापासून वाटत होते. एदोआर्दो पेर्सिको याच्या जोडीने त्याने 'कासाबेल्ला' हे मासिक आधुनिक विचाराचे व्यासपीठ केले. 1936 मध्ये मिलानच्या त्रिएनाले प्रदर्शनात त्याने ग्वार्निएरो दानिएल याच्यासह इटलीतील शेतकऱ्यांच्या घरांची छायाचित्रे मांडली. गवताच्या गंजीपासून दगडी घरापर्यंत रूप कसे गरजेतून बदलत जाते हे दाखवून, भपकेबाज स्मारकांना त्याने त्यातून उत्तर दिले. 1942 मध्ये त्याने पक्ष सोडला, प्रतिकार लढ्यात उतरला, पकडला गेला, निसटला, पुन्हा पकडला गेला. 22 एप्रिल 1945 रोजी माउटहाउझेनच्या छळछावणीत त्याचा मृत्यू झाला.

बान्फी, बेल्जोयोसो, पेरेस्सुत्ती आणि रॉजर्स या चौघांनी 1932 मध्ये 'बीबीपीआर' नावाने एकत्र काम सुरू केले होते. 1938 च्या वंशभेदी कायद्यांनी ज्यू रचनाकारांना व्यवसायातून बाहेर काढले. ज्यू वंशाच्या एर्नेस्तो रॉजर्सला पुढे स्वित्झर्लंडमध्ये आश्रय घ्यावा लागला. बान्फी आणि बेल्जोयोसो यांना छावणीत पाठवले गेले. बान्फी एप्रिल 1945 मध्ये तेथेच मरण पावला. उरलेल्या तिघांनी चौथ्याचे आद्याक्षर आपल्या नावातून कधीही काढले नाही. छावण्यांत मेलेल्यांसाठी मिलानच्या मोठ्या दफनभूमीत त्यांनी 1946 मध्ये एक स्मारक उभारले. पातळ धातुनळ्यांची घनाकार चौकट आणि मधोमध माउटहाउझेनची माती, एवढेच ते आहे. बुद्धिनिष्ठ वास्तुकलेची चौकट येथे पहिल्यांदा कोणत्याही सत्तेसाठी उभी नाही, आणि म्हणून मी हे स्मारक या सर्व वारशात सर्वांत वर ठेवतो.

तेर्रान्यी रशियाच्या आघाडीवर गेला आणि मनाने पूर्ण खचून परतला. 19 जुलै 1943 रोजी कोमोमध्ये तो वारला. तो 39 वर्षांचा होता. सहाच दिवसांनी मुसोलिनीची सत्ता कोसळली.

आस्मारा शहर या वारशात कसे येते?

पूर्व आफ्रिकेतील एरिट्रिया ही इटलीची वसाहत होती. इथिओपियावरील स्वारीच्या तयारीपासून पुढे, 1935 ते 1941 या काळात, तिच्या राजधानीत बांधकामाला उधाण आले; चित्रपटगृहे, पेट्रोल पंप, बाजार, निवासी इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या. ज्युसेप्पे पेत्तात्सी याने 1938 मध्ये बांधलेले फियाट ताल्येरो हे पेट्रोल केंद्र विमानाच्या आकाराचे आहे आणि त्याचे सुमारे 15 मीटर लांबीचे दोन्ही पंख खालून कोणत्याही आधाराविना अधांतरी पसरलेले आहेत. युनेस्कोने 2017 मध्ये आस्माराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

हे शहर वंशानुसार विभागलेले होते, युरोपीय वस्ती वेगळी आणि एरिट्रियन वस्ती वेगळी, हे त्या सुंदर रस्त्यांबद्दल बोलताना सांगितलेच पाहिजे. आज हा वारसा एरिट्रियन लोकांचा आहे. ज्यांच्या श्रमांतून हे शहर उभे राहिले, त्यांच्याच ताब्यात ते आता आहे.

मराठी वाचकाशी याचा एक खरा धागा जुळतो. 1941 च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये केरेनच्या डोंगरांत इटालियन सैन्याशी झालेल्या कठीण लढाईत भारतीय चौथ्या आणि पाचव्या डिव्हिजनचा मोठा वाटा होता आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीही तेथे लढल्या. केरेन पडल्यावर आस्माराचा रस्ता मोकळा झाला आणि 1 एप्रिल रोजी शहर शरण आले.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील इमारती याच प्रकारच्या आहेत का?

काळ एक, काँक्रीट एक, गोलाकार कोपरेही सारखे; पण कूळ वेगळे. मुंबईतील त्या इमारती आर्ट डेको शैलीच्या आहेत, तेथे नक्षी, रंग, अक्षरलेखन आणि सजावट यांना मानाचे स्थान आहे. इटालियन बुद्धिनिष्ठांना नेमकी तीच नको होती. मुंबईतील आर्ट डेको व व्हिक्टोरियन गॉथिक वास्तुसमूह आणि इटलीतील इव्रेआ नगर यांची जागतिक वारसा यादीत नोंद मात्र एकाच वर्षी, 2018 मध्ये झाली.

इव्रेआमध्ये काय आहे?

ओलिवेत्ती टंकलेखन यंत्रांचा जुना कारखाना. आद्रियानो ओलिवेत्तीने 1930 च्या दशकात फिजिनी आणि पोल्लिनी यांना बोलावले आणि त्यांनी जुन्या लाल विटांच्या इमारतीला जोडून काचेच्या लांब भिंतीची कार्यशाळा बांधली, पुढे कामगारांची घरे आणि बालवाडीही रचली. कामगाराला उजेड, हवा आणि मान मिळावा, हा येथला उद्देश होता. पक्षाच्या छायेबाहेर ही वास्तुकला काय करू शकली असती, याचे उत्तर काही अंशी येथे सापडते.

युद्धानंतर या विचाराचा प्रभाव कोठे दिसतो?

'बीबीपीआर'ने मिलानमध्ये 1958 मध्ये पूर्ण केलेला 106 मीटर उंचीचा तोर्रे वेलास्का मनोरा वरच्या मजल्यांत रुंदावतो आणि मध्ययुगीन गढीची आठवण करून देतो. परंपरा रूप बदलते, ही 1926 ची भूमिका तेथे प्रौढ होऊन परतली आहे. इटालियन रचनाकार आल्दो रोस्सी याने मोदेनाच्या दफनभूमीसाठी 1971 मध्ये कल्पिलेला, चौकोनी भोके असलेला लाल घन तर एउरच्या त्या कमानदार इमारतीशी उघडपणे बोलतो. अमेरिकेत पीटर आयझेनमन या रचनाकाराने तेर्रान्यीच्या इमारतींचे वर्षानुवर्षे आरेखी विश्लेषण केले आणि स्वतःची घरे त्यातून घडवली. त्याच्या विश्लेषणात पक्ष, सभा आणि काळ यांना जागाच नाही, ही त्याची मर्यादा मला खटकते. बार्दी आणि त्याची पत्नी लीना बो बार्दी 1946 मध्ये ब्राझीलला गेले. साओ पाउलोचे प्रसिद्ध कलासंग्रहालय लीनाने रचले आणि बार्दीने ते अनेक दशके चालवले.

या इमारतींचे आज काय करावे, यावर एकमत आहे का?

नाही. काही ठिकाणी पक्षाची चिन्हे काढली गेली, काही ठिकाणी तशीच राहिली. कोमोच्या कासा देल फाशोमधील मारिओ रादिचे याची अमूर्त भित्तिचित्रे युद्धानंतर नष्ट झाली. इमारतीत 1957 पासून इटलीच्या आर्थिक गुन्हे पोलीस दलाचे कार्यालय आहे. बोल्त्सानो येथील पक्ष कार्यालयाच्या भिंतीवर घोड्यावर बसलेल्या मुसोलिनीचे प्रचंड उठावशिल्प असून 'श्रद्धा ठेवा, आज्ञा पाळा, लढा' हे ब्रीद त्यावर कोरलेले आहे. 2017 मध्ये ते न तोडता, न झाकता, त्यावर राजकीय विचारवंत हाना आरेन्टचे 'आज्ञा पाळण्याचा अधिकार कोणालाही नाही' हे वाक्य इटालियन, जर्मन आणि लादिन या तीन भाषांत प्रकाशाच्या अक्षरांनी बसवले गेले. मूळ शिल्प वाचता येते आणि त्याचे उत्तरही वाचता येते. आतापर्यंत सुचलेल्या उपायांत हा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

प्रत्यक्ष पाहायचे असेल तर सुरुवात कोठून करावी?

कोमोपासून. मिलानहून रेल्वेने तेथे तासाभरात पोहोचता येते. सरोवराकाठी नोवोकोमुम आहे आणि तेथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर पहिल्या महायुद्धातील मृतांचे दगडी स्मारक उभे आहे. 1933 मध्ये पूर्ण झालेल्या या स्मारकाला सांतेलियाच्या रेखाचित्राचा आधार आहे आणि ते बांधले तेर्रान्यीने. ज्याच्या हयातीत नवे शहर उभे राहिले नाही, त्याची एक रेघ पाण्याच्या काठावर अशी दगडात उतरली. तेथून कॅथीड्रलच्या मागे कासा देल फाशोकडे यावे, आणि वेळ असेल तर शहराच्या दुसऱ्या टोकाची सांतेलियाच्या नावाची बालवाडीही पाहावी. तेर्रान्यीने ती 1937 मध्ये पूर्ण केली. तिच्या वर्गखोल्यांच्या काचेच्या भिंती बागेकडे उघडतात.